पान न घातलेलं तूप

माय, आज लातूरच्या प्रयोगशाळेत तुपाच्या बाटल्या उघडल्या. काहींत विड्याच्या पानातून काढलेल्या तेलाचे थेंब घातले होते, काही कोऱ्या ठेवल्या होत्या. दोन महिने सगळ्या गरम पेटीत होत्या. कोऱ्या बाटलीचं झाकण काढलं की खवट वास नाकात शिरतो. पानाच्या तेलाचं तूप अजून खाण्याजोगं आहे. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला रडू आलं, आणि डोळ्यात काहीतरी गेलं असं सांगून मी बाहेर आले.

तो उन्हाळा अजून डोळ्यांपुढे आहे: हदगावजवळच्या आपल्या घरात तू चुलीवर लोणी कढवते आहेस. शेवटी विड्याचं पान टाकायचं, ते तडतडलं की पातेलं उतरवायचं, ही तुझी रीत. मला लातूरला शिकायला जाऊन एकच वर्ष झालेलं, पण शिंगं फुटलेली. ताई पहिल्या बाळंतपणानंतर नांदेडला सासरी निघालेली, तिच्यासाठीच हे तूप. "पान नको टाकू. शुद्ध तुपात कुणी काही घालतं का? तिच्या सासरचे हसतील," मी म्हणाले. तू पान हातात धरून थांबलीस. "बिगर पानाचं टिकत न्हाई गं बाई. उन्हाळा हाय." मी ते पान तुझ्या हातातून काढूनच घेतलं. "तू शिकलेली, तुला ठावं," म्हणालीस आणि पातेलं उतरवलंस.

उन्हाळा सरायच्या आत ताईची सासू तो डबा घेऊन आपल्या दारात आली. "विहीणबाई, वास घ्या. बाळंतिणीला हे द्यायचं व्हय?" तू वास घेतलास. मी तिथेच, चौकटीला टेकून उभी. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "माझाच हात चुकला. कढवताना ध्यान न्हाई राह्यलं," एवढंच बोललीस. गल्लीतल्या बायका ज्या हातून लोणी कढवून न्यायच्या, तो हात त्यानंतर कचरायला लागला. दर वेळी चुलीपाशी मला हाक मारायचीस, "बाई, बघ गं, झालं का?" मी नुसती मान हलवायची. तू जाईपर्यंत तुझा स्वतःवर पुन्हा भरवसा बसला नाही. हे मी केलं, माय.

ताई अजून ती गोष्ट काढते, मायेनंच. मागच्या रविवारी तिच्याकडे जेवताना म्हणाली, "मायचा हात शेवटी बिघडलाच व्हता, न्हाई का गं?" मी भात कालवत हो म्हणाले. आज खरं तर तिलाच सगळं लिहायला बसले होते. तुला लिहिलं, कारण तुला लिहिलेलं पत्र पाठवावं लागत नाही.