पहिल्या महिन्याचे कपडे

आई, आज एका पोराची पँट मशीनमध्ये टाकायला उचलली, तर आत चड्डी आणि दोन्ही पायांत मोजे, जसा तो उभ्या उभ्या बाहेर पडला असेल तशीच. असली पँट हातात आली की तू ती उलटी धरून झटकायचीस आणि विहिरीकडे बघत म्हणायचीस, "दिवाळी जवळ आली." मी कॅलेंडर बघायचो. पंधरा-वीस दिवसांच्या आत दिवाळी असायचीच.

मी आता हिमाचलात असतो. डोंगरावर मोठं कॉलेज आहे, त्याच्या होस्टेलच्या तळमजल्यावर धुलाईची खोली. सहा मशीन, एक बिहारी चाचा आणि मी. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. तेवढ्यात माझी किती गावं झाली ते मलाच आठवत नाही. याचं बूड एका जागी टेकत नाही, असं तू मावशीला सांगायचीस, ते अजून तसंच आहे. इथं मात्र दोन वर्षं टिकलोय. आज एक गोष्ट उशिरा समजली म्हणून लिहायला बसलोय. लिहिण्यात चुका असतील, नववीत शाळा सोडलेल्याचं लिहिणं आहे.

बाबा गेल्यावर आपली उमेळे गावातली केळीची वाडी बिल्डिंगखाली गेली आणि त्याच बिल्डिंगमध्ये कॉलेजची पोरं भाड्यानं राहायला आली. कुणी चिपळूणचं, कुणी सांगलीचं, एक तर पार गडचिरोलीचा. आपल्या मागच्या दारी विहीर उरली होती, धुण्याचा दगड उरला होता, दोन माड उरले होते. त्या माडांना तू दोरी बांधलीस आणि पोरांचे कपडे धुवायला घेतलेस. तुला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पोराचा एक रंग ठरवलास. कॉलरच्या आत, कुणाला दिसणार नाही असा त्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका. चिपळूणवाला लाल, सांगलीवाला हिरवा. एकदा मी विचारलं, माझ्या शर्टाला कुठला रंग? तू हसलीस. "घरच्याला कशाला दोरा? घरचं हातात घेतलं की समजतं."

तुझं माहेर होळी गावचं, भाजीच्या वाफ्यांत वाढलेली तू. पान बघून पाणी कमी पडलं की जास्त झालं हे तुला कळायचं. कपड्यांकडेही तू तशीच बघायचीस. जूनमध्ये नवी पोरं यायची, तेव्हा त्यांचे कपडे बघण्यासारखे असायचे. शर्टाची बटणं लावलेली, घडी घातलेली, मोज्यांचे जोड एकमेकांत गुंडाळलेले, पांढरे कपडे वेगळ्या पिशवीत. पोरं दारात अवघडून उभी राहायची. "मावशी, हा लाल वेगळा धुवा हां, रंग जातो त्याचा, मम्मीने सांगितलंय." तू मान डोलवायचीस आणि पाठ वळली की मला म्हणायचीस, "मम्मी गणपतीपर्यंत पुरल." आणि खरंच, गणपतीपर्यंत पांढरं-लाल एकाच पिशवीत आलेलं असायचं. मग मोज्यांचे जोड फुटायचे. मग ती पँटीतली चड्डी. थंडीत एकेक टी-शर्ट महिन्यानं दर्शन द्यायचा, सेंटचा वास वर आणि खाली काय ते देवाला ठाऊक. सांगलीवाला तर दुसऱ्या वर्षी शर्ट उलटा करून घालायला लागला होता. तू त्याला धरलंस, तर तो म्हणतो कसा, "मावशी, आतली बाजू अजून कोरी आहे." त्याच्या जीन्सवर तू आठवडाभर चिडलेली होतीस, कारण जीन्स धुतली की मरते असं त्यानं तुला शपथेवर सांगितलं होतं. "हिला तर मरू दे एकदाची," तू म्हणालीस आणि दगडावर अशी आपटलीस की मीच दचकलो. परीक्षा आली की महिनाभर काहीच यायचं नाही आणि मग एकदम चादरीत बांधलेलं गाठोडं, चादरीसकट धुवायचं.

मला वाटायचं तुला त्या पोरांची किळस येत असेल. एकदा बोललो तसं, तर तूच माझ्यावर डाफरलीस. "घानेरडी नाहीत ती. रुळलीत. घरची घडी मोडली म्हंजे पोराला दोस्त मिळाले, अभ्यास मिळाला. घडी मोडली नाय तर काळजी करायची." मी तेव्हा मान हलवली आणि विसरून गेलो.

मग मी सतरा वर्षांचा असताना तुला सांगितलं की नाशिकला आठवीवर घेतात असं मशीनचं कॉलेज आहे आणि मला तिथं घेतलंय. तुझा चेहरा मला अजून दिसतो. ओले हात तसेच घेऊन तू माझ्या तोंडावरून फिरवलेस, साबणाचा फेस माझ्या कानाला लागला. त्या संध्याकाळी तू माझे चारही शर्ट मांडीवर घेऊन बसलीस आणि कॉलरच्या आत पिवळा टाका घातलास. पिवळा तू कुणालाच दिला नव्हतास. मी म्हटलं, घरच्याला कशाला? तर म्हणालीस, "आता तू पन माझा कॉलेजवाला."

कॉलेज कुठलं. मी नाशिकच्या एका केटररकडे लागलो होतो. आज या हॉलला, उद्या त्या लॉनवर. रोज नवी जागा, मला तेच पाहिजे होतं. महिन्यातून एकदा घरी यायचो, आणि येताना धुण्याची पिशवी आणायची हे मला ठाऊक होतं, कॉलेजची पोरं तेच करतात. पण माझ्या कपड्यांना हळद, तेल, तंदूरचा धूर. मग मी काय करायचो, आदल्या दिवशी सगळं सोडा घालून घासायचो, वाळवायचो, जूनमधल्या पोरांसारखी झकास घडी घालायचो, मोजे जोडीनं गुंडाळायचो आणि वर खिशाला बॉलपेनचा एक डाग पाडायचो. कॉलेजवाला म्हणजे काय, तर मला जूनमधलाच आठवायचा. पहिल्या वर्षी हे केलं, दुसऱ्या वर्षी केलं, तिसऱ्या वर्षीही तसंच.

तू एकदा विचारलंस, "तुझं पेन रोज त्याच खिशात फुटतं का रे?" मी म्हटलं, स्वस्तातलं आहे. मग एका दुपारी मी ओट्यावर भात खातोय, तू बादलीत माझे शर्ट बुडवतेस, पिळतेस, पुन्हा बुडवतेस. बादलीत बघत राहतेस. "तुझ्या कपड्यांचं पानी उजळ निघतं रे," तू म्हणतेस. मी म्हणतो, मग बरंय की, तुला त्रास नाही. तू शर्ट झटकून दोरीवर टाकतेस आणि माझ्याकडे पाठ करून म्हणतेस, "तिसरं वरीस लागलं, आनि तुझे कपडे अजून पयल्या महिन्यातच." मला ते कौतुक वाटलं, आई. मी अजून थोडा भात वाढून घेतला.

त्या दिवाळीला तू मला निळा चौकड्यांचा शर्ट घेतलास. पुढच्या गणपतीला मी आलो नाही, महाप्रसादाच्या जेवणांचा हंगाम होता. मग मावशीचा फोन आला तेव्हा मी एका लग्नात पुऱ्या तळत होतो. कढईखालचा गॅससुद्धा बंद न करता निघालो, तरी पोचलो तेव्हा दोरीवर पोरांचे कपडे तसेच होते आणि अंगणात ती सगळी पोरं खाली मान घालून उभी होती. शिक्षण संपवून गेलेला सांगलीवालाही आला होता, त्याच्या अंगावर धुतलेली जीन्स होती.

इतकी वर्षं मला एकच गोष्ट खात होती, की तू माझं खोटं खरं मानून गेलीस. म्हणजे मी तुला शेवटपर्यंत फसवलं. ते घेऊन मी गावं बदलत होतो.

आज तो निळा शर्ट धुवायला काढला. कोपर विरलंय, फार घालत नाही. चाचा म्हणाला, "इस पर नंबर लगा, नहीं तो किसका है कैसे पता चलेगा?" मी म्हटलं, याला माझ्या आईचा दोरा आहे. आणि दाखवायला म्हणून कॉलर उलटली. दोरा नव्हता. दिव्याखाली धरून शिवण अन् शिवण बघितली. उसवल्याचं भोकसुद्धा नाही. त्या शर्टाला तू टाका घातलाच नव्हतास. मी तिथंच बसलो, गाठोड्यांच्या ढिगावर. फेब्रुवारी चाललाय. दोन वर्षांत फेब्रुवारीत घडी घातलेले कपडे एकाही पोराचे आलेले मी बघितले नाहीत. तू तर किती वर्षं बघत होतीस. तुला पहिल्या वर्षीच कळलं असणार. आणि तू भांडली नाहीस, मावशीला सांगितलं नाहीस, नवा शर्ट घेतलास आणि मला परत घरच्यांत घेतलंस.

नंबर लावला नाही. शर्ट बादलीत हातानं धुतला, गच्चीवर टाकलाय, इथल्या उन्हाला जोर नाही, वेळ लागेल. धुवायच्या आधी खिसे तपासायची तुझी शिस्त मी पाळतो. पोरांच्या खिशातली चिठ्ठी तू ओल्या हातांनी उलटसुलट करून बघायचीस, चुलीजवळ सुकवायचीस आणि जशीच्या तशी परत द्यायचीस. हा कागद त्या शर्टाच्या खिशात ठेवणार आहे. कुठं पाठवायचा नाहीच. आणि खरं सांगू, तुला वाचता येत असतं तर हे लिहायचा धीर मला आजही झाला नसता.