आमच्या घरी घोरणारा चोर

तीर्थस्वरूप ताई यांस,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समजावं. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, आणि तिला कारण झालेला सात तासांचा बसप्रवास पुढे येणारच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? जिने कमी चढा म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही, तेव्हा निदान उतरताना तरी कठड्याला धरत जा. नणंदोईंचा खोकला गेला का? की अजून ते खोकून खोकून सगळ्या गल्लीला वेळ सांगतात? इकडे सगळं ठीक. बाबा उत्तम आहेत, काल दोनदा भात मागून घेतला. हे मुद्दाम आधीच लिहिते आहे, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

आज पाच दिवस झाले, तुमचा फोन नाही. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि या एकोणीस वर्षांत रात्री नऊचा तुमचा फोन एकदाही चुकला नव्हता. बाबा जेवले का, किती जेवले, कानाचं यंत्र काढून डबीत ठेवलं का, गळ्याला मफलर होता का, आणि नसला तर का नव्हता. (माझं दूध नेहमी नऊलाच का उतू जातं, हे तुमच्या बंधुराजांना आजवर उमगलेलं नाही.) प्रत्येक फोनच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं, की त्यापेक्षा बाबांना माझ्याकडेच पाठवा, इथे त्यांचं नीट होईल. नीट या शब्दावर तुम्ही जो जोर देता तो मला थेट काळजात लागतो, हे आज पहिल्यांदाच सांगते. आता फोन थंड पडला आहे. बंधुराजांनी तीनदा लावला, तुम्ही तीनदा कापलात. बाबा नऊ वाजले की फोनच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसतात. त्यांना फोनवरचं एक अक्षर ऐकू येत नाही, तरी बसतात. म्हणून हे पत्र.

त्या रात्रीचा शेवट तुम्हाला माहीत आहे, पण मधलं माहीत नाही. तर ऐका. अकरा वर्षांनी आम्ही दोघं आठ दिवसांसाठी बाहेर पडलो, बाबांना तुमच्याकडे सोडून. लॉजमधली खोली बरी होती. फक्त कपाटाचं दार आपण झोपलो की आपोआप उघडायचं आणि कर्रर्र आवाज करायचं, म्हणून बंधुराजांनी त्याला बुटाची नाडी बांधली होती. तिसऱ्या रात्री एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मला वाटलं नाडी सुटली. मग उजेड दिसला, आणि त्या उजेडात फोन करणाऱ्याचं नाव: घर.

ताई, आपण घराबाहेर असताना घराने आपल्याला फोन करावा, हा प्रकार तुम्ही कधी अनुभवलाय का? कुलूप मी स्वतः लावलं होतं, तीनदा ओढून पाहिलं होतं. मी उचलायच्या आत दोन रिंगा होऊन फोन बंद झाला. परत लावला. तिकडे वाजतोय, वाजतोय, कोणी घेत नाही. मी एकूण सतरा वेळा लावला. (अठराव्यांदा चुकून माझ्या दातांच्या डॉक्टरांना लागला. त्यांनी अत्यंत सभ्यपणे सकाळी यायला सांगितलं.)

आता दोन रिंगा म्हणजे काय हे आपल्या घरात तान्ह्या मुलालाही कळतं. बाबा कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळायचे. रात्रपाळीला सगळ्या तोट्या, सगळे काटे तपासून झाले की घरी फोन करायचे आणि दोन रिंगा देऊन ठेवून द्यायचे. त्याचा अर्थ, सगळं ठीक, झोपा. पुढे आपण सगळेच कुठेही पोचलो की दोन रिंगा द्यायला लागलो. म्हणजे आमच्या घरी कोणीतरी सुखरूप पोचलं होतं. पण कोण? आम्ही दोघं लॉजवर, लेक हॉस्टेलवर, आणि बाबा तुमच्याकडे, आता झोपायलाच निघालेत, असं तुम्हीच नऊ वाजता सांगितलेलं. बंधुराज म्हणाले की ताईला विचारू या. मी नको म्हटलं. खरं कारण सांगू? रात्री सव्वा वाजता फोन करून बाबा आहेत ना असं विचारलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, आता माझ्या घरी माझ्या बापाची मोजणी ही करणार. शिवाय घरात चोर शिरलाय हे बाबांच्या कानावर गेलं असतं तर ते काठी घेऊन निघाले असते. मी आपली शहाणपणा करत होते.

मग चोरच, असं ठरलं. आपल्या घराण्याच्या खुणा माहीत असलेला चोर. बंधुराजांचा पेशा तुम्हाला माहीतच आहे. आयुष्यभर विमा कंपनीसाठी लोकांच्या जळक्या गोदामांत आणि बुडालेल्या दुकानांत फिरून नुकसान लिहून घेतात, त्यामुळे ते घाबरले की यादी करतात. लॉजच्या टॉवेलच्या पावतीमागे त्यांनी घरातलं काय काय गेलं असेल ते लिहायला घेतलं. पहिल्या क्रमांकावर मिक्सर. तिसऱ्यावर त्यांचा दाढीचा ब्रश. माझ्या दागिन्यांचा नंबर नववा लागला. (ही पावती मी जपून ठेवली आहे, पुढेमागे उपयोगी पडेल.)

तेवढ्यात मला तळमजल्यावरचे टेलरमास्तर आठवले. त्यांचा नंबर मला तोंडपाठ आहे, कारण बैठकीच्या खोलीचे पडदे त्यांच्याकडे पाच महिने पडून आहेत. फोन उचलताच, मी काही बोलायच्या आत, ते म्हणाले की परवा नक्की देतो. पडद्यांचं नाही, घरात चोर आहे, म्हटल्यावर त्यांना केवढं हायसं वाटलं. लाकडी फूटपट्टी घेऊन ते वर गेले आणि बंधुराज इकडून उंटावरून शेळ्या हाकायला लागले, आवाज करू नका, पायऱ्यांच्या कडेने जा, श्वास धरा. कुलूप तोडलेलं नव्हतं. नुसतं काढलेलं होतं, दाराला आतून खटका होता. मास्तरांनी दाराला कान लावला, बराच वेळ लावला, आणि मग हळूच म्हणाले, "वहिनी, चोर घोरतोय."

चोरी करून थकलेला, की चोरीच्या आधी जरा पडलेला, यावर बंधुराजांचा आणि माझा मतभेद झाला. पोलिसांना कळवायचं तर काय कळवायचं? की आमच्याकडे एक माणूस शांत झोपलाय? मास्तरांनी मात्र डोकं चालवलं. दाराला बाहेरून कडी घातली आणि कुलूप सापडेना म्हणून कडीत आपली कापड कापायची मोठी कात्री अडकवली. म्हणाले, आता हा कुठे जातोय, तुम्ही निवांत या. आणि खाली जाऊन स्वतःच्या दाराला तीन कड्या लावून झोपले.

चारची पहिली बस आम्ही धरली. (मागचं सीट, त्यातही चाकावरचं. कमरेचं कारण कळलंच असेल.) साडेसहाला मास्तरांचा फोन, की चोर आतून दार ठोठावतोय. अगदी सावकाश, तीन थापा, मग थांबतो. चांगल्या घरचा वाटतो. थोड्या वेळाने, थापा थांबल्या, आता चहाचा वास येतोय. मी म्हटलं, अहो, निदान कोण आहे म्हणून विचारा. तर म्हणाले, नाव कळलं की साक्षीला जावं लागतं.

आणि बरोबर सात वाजता तुमचा फोन आला. तुमचा आवाज जरा धापा टाकल्यासारखा होता. तुम्ही विचारलंत की आमच्या भागात बाबांच्या ओळखीचं कोण कोण आहे, सहज विचारतेय. मग बाबा कसे आहेत विचारल्यावर म्हणालात, मजेत आहेत, समोर बसून चहा घेतायत. मागे नणंदोई कुणाला तरी रस्त्यात विचारत होते, उंच, पांढरे केस, तपकिरी स्वेटर. मी समजले की नणंदोई टीव्ही बघतायत. मीही काही कमी नाही. बस खड्ड्यांतून उडत असताना मी तुम्हाला सांगितलं की आम्ही बागेत कोवळ्या उन्हात बसलोय. तुम्ही म्हणालात, छान, बसा. मी म्हटलं, बाबांना नमस्कार सांगा. ताई, आपण दोघी त्या दिवशी पार नाटकात काम करण्याच्या लायकीच्या झालो होतो.

अकराला पोचलो. मास्तर फूटपट्टीसह पुढे, बंधुराज त्यांच्या मागे, मी बंधुराजांच्या मागे. कात्री काढली, दार ढकललं. आत बाबा मागच्या आठवड्याचा पेपर वाचत बसले होते. वर बघून म्हणाले, "दार अडकलं होतं वाटतं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आठ तास आम्ही त्यांना कोंडून ठेवलं होतं. त्यांनी कानाचं यंत्र रात्री डबीत ठेवलेलं, त्यामुळे ना माझे सतरा फोन त्यांना कळले, ना मास्तरांची चाहूल.

तुमच्या घरून आमच्या घरी पायी सव्वा तास. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस रात्री अंथरुणातून उठतो, दार हळूच ओढून घेतो आणि सव्वा तास चालत येतो, ते कुठे? तर एकोणीस वर्षं जिथे त्यांचं नीट होत नाही म्हणतात तिथे. मी काही बोलत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बंधुराजांनी तुम्हाला फोनवर एवढंच सांगितलं, की बाबांना तिकडे करमेना म्हणून ते आपल्या घरी आले. तुम्ही बरं म्हणालात आणि फोन ठेवलात, तो आजतागायत.

बाकी क्षेम. नणंदोईंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

आपली,
पाच दिवस मान ताठ करून फिरणारी भावजय

ता. क. : पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. तुमच्या त्या चहाच्या थापेबद्दल मनात काही ठेवू नका. मागच्या थंडीत एकदा नऊला तुमचा फोन आला आणि मी म्हटलं की बाबा केव्हाच झोपले, तुम्हाला आठवत नसेल. त्या वेळी बाबा घरातच नव्हते. संध्याकाळी सहापासून नव्हते. बंधुराज स्कूटर घेऊन गल्लीगल्लीत हिंडत होते. साडेदहाला बाबा खाली मास्तरांच्या दुकानात सापडले, शिलाई मशीनच्या मागे बसून त्यांच्या इस्त्रीची वायर जोडत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प राहिले. तेव्हा तुमची एक थाप, माझी एक. माझी जुनी आहे.

आणखी एक ता. क. : हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण झोप लागेना. बाबा करमेना म्हणून आलेले नाहीत. त्या रात्री नऊला मी फोनवर तुम्हाला म्हटलं होतं, निघताना गिझर बंद केला की नाही आठवत नाही. तुम्हाला फोनवरचं सगळं मोठ्याने परत म्हणायची सवय आहे. गिझर चालू राहिला म्हणतेस, असं तुम्ही म्हणालात, आणि ते बाबांनी ऐकलं. चौतीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला त्यावर झोप कुठली लागायची? गिझर चालूच होता, ताई. अडीच दिवस. बाबांनी आपल्याजवळच्या किल्लीने कुलूप काढलं, तो बंद केला, मला दोन रिंगा दिल्या, जरा पाठ टेकली, आणि पहाटे तुम्ही उठायच्या आत परत यायचं म्हणून बूट घालून दाराशी गेले, तर बाहेरून कात्री. हे सगळं त्यांनी मला त्याच दिवशी स्वयंपाकघरात सांगितलं. बंधुराज तेव्हा खाली मास्तरांचे आभार मानत होते. त्यांना मी सांगितलं की बाबांना करमेना. एकोणीस वर्षांत एकदा जिंकले होते, सोडवेना. पाच दिवस तुम्हाला रडवलं, त्याची मला मनापासून लाज वाटते.

बाबांना वाटतं, न सांगता निघालो म्हणून लेक रागावली. ठरलेल्या आठ दिवसांतले पाच दिवस तुमच्याकडचे बाकी आहेत असा त्यांचा हिशेब आहे, आणि ते रोज सकाळी पिशवी भरून दाराशी ठेवतात. मी दोनदा रिकामी केली. आज केलेली नाही. उद्या त्यांना न्यायला या.