मुंग्यांसकट पाठव

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा (म्हणजे तुझ्या भाषेत ठोंब्याचा) वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा गुडघा अजून हवामानाचा अंदाज सांगतो का? इकडे आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

तुला माझी नोकरी कधी कळलीच नाही. (मी टीव्ही दुरुस्त करतो असं भाऊजी पाहुण्यांना सांगतात, हे मला माहीत आहे.) तर ऐक. आमच्या वाहिनीकडे जुन्या कार्यक्रमांच्या टेपा कपाटं भरून आहेत आणि सगळ्यांवर मुंग्या. त्याच गं, लहानपणी अँटेना फिरली की पडद्यावर वळवळायच्या त्या. आता चित्र घरोघर पोचवायचं तर दाबून लहान करावं लागतं. मुंग्या राहिल्या तर दाबणारं यंत्र त्यांचेच लाड करत बसतं आणि माणसाच्या तोंडाचे मात्र ठोकळे करून ठेवतं. म्हणून आधी मुंग्या मारायच्या. ते काम माझं. आमच्या खोलीला सगळे लाँड्री म्हणतात. खिडकी नाही, पंखा आहे, तोही यंत्रांसाठी. मुंगी ओळखायची रीत सोपी. यंत्र एकामागून एक चित्रं ताडून बघतं. जागचं हलत नाही ते खरं, नुसतं बारीक थरथरतं ती मुंगी. (हात उचलला तर तो कळतो यंत्राला, अगदीच काही खुळं नाही ते.)

तर मागच्या आठवड्यात माझ्या हाती ती टेप आली. महागाईवरच्या चर्चेची, जिच्यात शेवटच्या रांगेत तू आणि आई बसल्या आहात. आईचं हलतं चित्र जगात तेवढंच. मला भरून आलं. म्हटलं, इतरांसाठी एवढं घासतो, आईसाठी थोडं जास्त, आणि सफाईचं बटण चांगलं दोन घरं पुढे सरकवलं. चित्र असं लख्ख झालं की खुर्चीची वीण मोजून घ्यावी. साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. आमच्याकडे साफ प्रत पास झाली की मूळ टेप लगेच पुसून नव्या कामाला लावतात. तशी ती लावली.

प्रत घेऊन हरखून घरी आलो, बाबांचा चष्मा स्वतः पुसून दिला. बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "ही बोलत का नाही?"

ताई, चित्रीकरणाच्या वेळी तिथल्या माणसानं हलू नका म्हणून दम दिला होता, आठवतं? आई फोटोला बसल्यासारखी बसली, पण तोंड बंद ठेवणं तिला जन्मात जमलं नाही. ओठ बारीक चालूच होते, तुलाच काहीतरी सुनावत होती. यंत्रानं ती हालचाल मुंग्या समजून पुसून टाकली. जरा गप्प बस म्हणता म्हणता बाबांनी जन्मभर हात टेकले, आणि शेवटी तिला गप्प बसवलं ते पोटच्या पोरानं. मेणाची दिसते गं. बाबा रोज खुणेनं लावायला सांगतात, बघतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. ऑफिसात अजून अभिनंदन चालू आहे. मला तिथे जावंसं वाटत नाही.

भाऊजींना नमस्कार. पाठीला शेक घेत जा.

तुझा,
ठोंब्या

ता. क. तो कार्यक्रम लागला तेव्हा तू घरी भरून घेतलेली कॅसेट तुझ्या माळ्यावर होती. बुरशी आलेली, मुंग्यांनी भरलेली. ती मुंग्यांसकट पाठव. पुसू नकोस, लावून बघू नकोस, आणि भाऊजींना तर हातही लावू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. ती तेव्हा तुला काय सुनावत होती, ते आठवलं तर लिही. कॅसेट मिळेपर्यंत बाबांना तेच सांगेन.

शेवटचं ता. क. मागच्या खेपेला आलो तेव्हा मीच ऐटीत म्हणालो होतो की हा कचरा आहे, फेकून दे. लहानपणापासून तू माझं एक अक्षर ऐकलेलं नाहीस. आता तेवढाच आधार आहे.