पाणी कुठपर्यंत येतं

आबा, आपल्या वस्तीचा सिमेंटचा धक्का पाडून टाकावा, असं मी परवा दिलेल्या अहवालात लिहिलं आहे. काँक्रीट अजून चांगलं आहे. मी हातोडीने ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, कुठेही पोकळ आवाज आला नाही. वीस वर्षं त्याच्यावर मिरच्या वाळल्या, शेळ्या बांधल्या गेल्या, दोन-तीन लग्नांच्या पंगती उठल्या. लाँच मात्र त्याला फक्त दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत लागते. नंतर पाणी मागे सरत जातं आणि धक्का कोरड्या रानात उभा राहतो. चुकीच्या जागी नीट बांधलेली वस्तू, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. तुम्हाला हे नवीन नाही. तिथे पहिली खुंटी ठोकली गेली त्या दिवशीच तुम्हाला ते माहीत होतं.

तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. सगळा जन्म लाँच चालवत पाण्यावर काढून तुम्ही जेऊरच्या स्टेशनवर, सोलापूरच्या गाडीची वाट बघत, बाकावर बसल्या बसल्या गेलात. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तुम्ही माझ्याकडे यायला निघाला होतात. कशासाठी, ते कुणालाच कळलं नाही. "काय बोलले न्हाईत. मीबी इचारलं न्हाय," एवढंच आई म्हणाली. आपल्या घरात तेवढं पुरायचं.

तो नियम तुमचाच. मी सात वर्षांची असेन. लाँच भरलेली होती, दुधाच्या किटल्या, एक सायकल, पलीकडच्या दवाखान्यात निघालेली एक म्हातारी. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काल मधी पाण्यात दोनदा इंजिन बंद पडलं व्हतं." म्हातारीने कडा घट्ट धरली. तुम्ही लाँच चालवत राहिलात. पलीकडे सगळे उतरून गेल्यावर इंजिनावरचा हात चिंधीला पुसत मला विचारलंत, "तुला कुणी इचारलं व्हतं का?" मी म्हणाले, न्हाय. "मग? इचारलं तेवढंच बोलायचं. इचारल्याबिगर त्वांड उगडायचं न्हाय." मारलं नाहीत. मारलं असतंत तर मी कदाचित विसरले असते. इतर मुलींना पाढे पाठ असतात तसं ते वाक्य मला पाठ झालं. पुढे त्याचा उपयोगही झाला. ऑफिसच्या बैठकीत मी विचारलं तेवढंच बोलते, त्यामुळे माझं बोलणं कधी मागे घ्यावं लागत नाही. ज्या एका माणसाशी माझं लग्न ठरत होतं, तो मात्र म्हणाला, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे खिडकीपाशी उभं राहून फॉर्म भरायचा." ते लग्न झालं नाही. यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगितलं.

शिक्षण झाल्यावर मी सात वर्षं कोकणात होते. तिथल्या खाड्यांत आणि बेटांवर छोटे प्रवासी धक्के बांधायचं काम होतं. तिकिटाची खिडकी, पत्र्याचा निवारा, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, बस्स. पहिल्याच बेटावर मी सर्वांत वरच्या भरतीची खूण शोधत होते, तेव्हा मासळीची पाटी घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "भरती काय बघतेस, बाय? भरतीला कोणपण उतरेल. ओहोटीला पाय कुठं ठेवायचा, ते बघ आधी." पुस्तकात हे होतंच, पण माझ्या ध्यानात राहिलं ते तिच्या बोलण्यातून. तिथे समुद्र सहा तासांत जातो आणि सहा तासांत परत येतो. आपल्याकडे भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याची भरती पावसाळ्यात एकदा येते आणि ओहोटी आठ महिने चालते. बेट मात्र आपलंही खरंच. तीन बाजूंनी पाणी, आणि बरा पाऊस झाला की चौथ्या बाजूची वाटही बुडते. पलीकडे लाँचने वीस मिनिटं. लाँच नसेल तर दवाखाना नाही, कॉलेज नाही, दूध घालायला डेअरी नाही.

गेल्या वर्षी मी सोलापूरच्या ऑफिसात आले आणि हे काम आमच्याकडे आलं: फुगवट्यातल्या वस्त्यांसाठी प्रवासी टर्मिनल. यादीत पहिलं नाव आपल्या वस्तीचं होतं. मी मोजणीला गेले तेव्हा तुमच्यानंतर लाँच चालवणारे काका मला बघून म्हणाले, "टर्मिनल म्हंजी काय गं? यष्टी स्टँडावानी? मग फलाट किती हायती?" बाकीचे हसले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "आगं, तू लाँचवाल्याची पोरगी न्हवं का? बरं झालं. पयला धक्का तुझ्या बाला इचारून बांदला, आता दुसरा तुला इचारून. बगू कुटं बांदतीस." तेही हसण्यावारीच होतं. मी हसले नाही आणि यंत्र लावायला घेतलं.

तुमच्या खुणा शोधल्या, आबा. सातही सापडल्या. काठावरच्या दगडांवर तुम्ही तांबड्या रंगाचे पट्टे ओढले होते, पाणी त्या सणाला जिथे असतं तिथे एक: दसरा, दिवाळी, संक्रांत, शिवरात, शिमगा, पाडवा आणि शेवटची आकिती, अक्षय्य तृतीयेची. त्याच्या खाली पाणी गेलं की तुम्ही लाँच बंद ठेवायचात. रंग उडाला आहे, पण दगडाच्या खाचांत तांबडं दिसतं. आकितीचा पट्टा वाकडा आहे, कारण तो मी ओढला होता, वयाच्या नवव्या वर्षी. दसऱ्यापासून आकितीपर्यंत पाणी आठ मीटर उतरतं, आणि जमीन इतकी सपाट आहे की त्या आठ मीटरसाठी ते चारशे बारा मीटर लांब जातं. माझ्या यंत्राने काढलेल्या सणासणाच्या पातळ्या आणि तुमचे पट्टे यांत जास्तीत जास्त वीतभर फरक आला. तुमच्याइतका अचूक माणूस मी या कामात पाहिला नाही. हे कौतुक नाही. एवढं अचूक माहीत असलेला माणूस गप्प बसतो तेव्हा ते अज्ञान नसतं, एवढंच मला नोंदवायचं आहे.

जुन्या धक्क्याची फाइल मला मागवावी लागली. आत एक पान आहे, 'स्थानिक माहितगाराचे निवेदन'. सर्वोच्च पातळी: सदर खुणेपर्यंत. खाली तुमची सही, शेवटचं अक्षर नेहमीसारखं ओळीच्या खाली घसरलेलं. त्याच्या पुढची ओळ: नीचतम पातळी. तिथे तेव्हा मोजणीला आलेल्या साहेबाच्या अक्षरात लिहिलं आहे, 'स्थानिकांकडे चौकशी केली, माहिती उपलब्ध नाही.'

तो दिवस मला आठवतो. साहेब दसऱ्यानंतर आले, पाणी काठोकाठ, बाकीच्या सहा खुणा त्याच्याखाली. बूट चिखलाने भरू नयेत म्हणून ते हातात धरलेले. टेपचं एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. "पाणी कुठपर्यंत येतं?" साहेब विचारतात. तुम्ही दसऱ्याच्या पट्ट्यावर टाच ठेवता. "हितवर येतं, सायेब." "नक्की?" "पानी आलं तवापास्नं बगतोय की." "जास्त पाऊस झाला तर?" "ह्योच दगूड. ह्याच्या वर बोटभरबी न्हाय." शब्द न् शब्द खरा. कुणी चौकशी लावली असती तरी तुमच्यावर काहीच शाबीत झालं नसतं. साहेब खुंटी ठोकायला सांगतात, आणि तुम्ही इंजिन चालू करायला वळता. साहेबाने उन्हाळ्यात यायला हवं होतं, पहिला दोष त्याचा. हेही मी लिहू शकते. पण पत्र तुम्हाला आहे.

संक्रांतीनंतर काम सुरू झालं. पाणी मागे जातंय हे कंत्राटदाराच्या माणसांना दिसत होतं, पण नकाशा मंजूर झालेला होता. पाडव्याला धक्का पूर्ण झाला तेव्हा पाणी त्याच्यापासून हाकेच्या पलीकडे होतं. सगळी वस्ती बघायला जमली. "सायबानं डोंगराला धक्का बांदला की!" कुणीतरी म्हणालं. तुम्ही म्हणालात, "आता बोट बांदायला येक टेकडीबी बगून ठिवा." सगळ्यांबरोबर तुम्हीही हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाकी सगळं मी तुम्हाला कदाचित माफ केलं असतं. ते हसणं नाही.

कारण त्याच उन्हाळ्यात, आकितीच्या चार दिवस आधी, आई दोन हातांत दोन किटल्या घेऊन लाँचकडे निघाली होती. तो चिखल वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. दूध सांडू नये म्हणून तिने किटल्या सोडल्या नाहीत, आणि पाय रुतलेला असतानाच वळली. खुब्याचं हाड मोडलं. बाजेवर घालून तिला लाँचवर आणलं, वीस मिनिटं इंजिनाच्या आवाजावर तिचा आवाज येत होता आणि तुम्ही समोर बघत होतात. हाड जुळलं ते आखूड जुळलं. तिचा डावा पाय सव्वा इंचाने कमी आहे. मी मोजला आहे. ती आधीच्या उन्हाळ्यातही त्याच चिखलातून जायची, हे मला कळतं. पण त्या वर्षी तो चिखल संपणार होता.

फाइलमधलं पान मी आईला वाचून दाखवलं. तिला खाली बसता येत नाही म्हणून आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उंच स्टूल आहे, त्यावर बसून ती शेंगांची चटणी कुटत होती. मी विचारलं, "आबांनी साहेबाला आकितीची खूण का नाही सांगितली?"

"सायबानं कुटं इचारली?"

"आई."

बत्ता थांबला नाही. "पक्का धक्का झाला की फेऱ्यांचा ठेका निगतो. ठेका निगाला की मोठ्या बोटीवाला येतो. मग आपली लाँच काय चुलीत घालायची व्हती?"

"तुला माहीत होतं?"

"खडीचा पयला ढीग पडला तवाच बोलले ते मला."

"आणि तुझा पाय?"

"पाय माझा हाय की. तू कशाला रागं भरतीस? आन् तू शिकलीस कशावर? त्या लाँचीवरच न्हवं?" मग बत्ता ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "आन् तू तरी काय कमी हायस व्हय? हितं सोलापुरात एका घरात ऱ्हातो आपण. पाय दुकतो का, म्हून इचारलंस का कवा?"

विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "लई," ती म्हणाली आणि पुन्हा कुटायला लागली.

मोठ्या बोटीवाला कधीच आला नाही, आबा. एवढ्या उथळ पाण्यात त्याची बोट तळाला टेकली असती, हे तुम्हाला कळायला हवं होतं. नवा धक्का तरंगता आहे. तो पाण्याबरोबर उतारावरून खाली जाईल, सात ठिकाणी थांबेल, आणि आकितीच्या दिवशीही माणूस कोरड्या पायाने चढेल. नकाशात मी त्या जागांना आकडे दिले होते. काकांनी पेन्सिल मागितली आणि प्रत्येक आकड्यापुढे सणाचं नाव लिहिलं. मी ती खोडली नाहीत. नीचतम पातळीच्या रकान्यात मी लिहिलं, 'दगडांवरील रंगीत खुणा व प्रत्यक्ष मोजणी'. खुणा कुणाच्या, ते रकान्यात विचारलेलं नव्हतं.

आता राहिलेलं. साहेब येऊन गेले त्याच आठवड्यात तुम्ही जेऊरच्या बाजारातून माझ्यासाठी टेप आणली होतीत, पिवळ्या डबीची, स्टीलची. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत मी सगळं घर मोजलं. लोक विचारतात, या कामाकडे कशी वळलीस, तेव्हा मी तिचं नाव सांगते. ती का आणलीत ते सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. खुंटी ठोकून झाल्यावर साहेब टेप गुंडाळत माझ्यापर्यंत आले होते. हसून म्हणाले, "तू इथंच खेळतेस ना गं? उन्हाळ्यात पाणी कुठपर्यंत जातं?" तुम्ही इंजिनावर वाकला होतात. तुमची पाठ मला दिसत होती. तुम्ही वळला नाहीत, खाकरलाही नाहीत. मला विचारलं गेलं होतं, सरळ, आणि उत्तर माझ्या हातच्या वाकड्या पट्ट्याएवढं नक्की माहीत होतं.

मी म्हणाले, "म्हाईत न्हाय."

त्या फाइलमधली 'स्थानिकांकडे' केलेली चौकशी ती. तुम्ही एक शब्द खोटा बोलला नाहीत. आईला मी हे सांगितलेलं नाही. तिने विचारलं नाही.