दुसरी गोळी

आई,

तू रायफल कधी जवळून पाहिली नसशील. आपल्या गावातल्या बँकेच्या दारात स्टुलावर बसणाऱ्या रखवालदाराकडे होती ती दुनळी बंदूक, रायफल नव्हे. रायफलला एकच नळी असते आणि उजव्या बाजूला एक मूठ. ती मूठ वर उचलून मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि खाली दाबायची, म्हणजे एक गोळी आत जाऊन बसते. या सगळ्या भागाला बोल्ट म्हणतात. गेले दोन महिने मी या बोल्टचाच विचार करते आहे. तुझी लेक, घरातली पहिली पदवीधर, बॉटनी शिकलेली, इथे परदेशात लोअर हट गावातल्या एका बंदुकीच्या दुकानात उभी राहून बोल्ट मागेपुढे करून बघते, असं कोणी तुला सांगितलं असतं तर भाकरी थापता थापता तू म्हणाली असतीस, ‘काय खुळ्यागत बोलतोस रं!’

पण आधी रानाचं सांगते. माझी नोकरी झाडं मोजायची. डोंगरात खोलीएवढ्या काही तुकड्यांना आम्ही कुंपण घातलं आहे. कुंपणाच्या आत गुडघाभर रोपं, नेचे, कोवळी पानं, आणि कुंपणाबाहेर जमीन अशी, की जणू तू सकाळी उठून झाडून काढलेलं अंगण. हे बकऱ्यांमुळे होतं. कधीकाळी माणसांनी जहाजातून आणलेल्या बकऱ्या इथे सुटल्या आणि रानटी झाल्या. म्हातारी झाडं उभी आहेत, पण त्यांच्यामागून येणारं कोणी नाही. मी हे लिहून द्यायचे, मग आमच्यातले शिकारी रायफली घेऊन डोंगरात जायचे. एकदा चहाच्या वेळी त्यांच्यातला एकजण हसत म्हणाला, “तू मोजतेस, आम्ही मारतो. स्वीट ॲज!” म्हणजे इथल्या बोलीत ‘एकदम झकास’. त्यानं चेष्टा केली होती, पण मला ती लागली. रान वाचावं असं मला वाटतं, त्यासाठी मारायला हवं हे मीच कागदावर लिहिते, आणि रक्त मात्र दुसऱ्यांच्या हाताला. हे बरोबर नाही, असं मला फार वाटलं. मी आमच्या टीम लीडरकडे गेले आणि मलाही शिकव म्हणून सांगितलं. तो पन्नाशीचा माओरी गृहस्थ आहे, लहान-मोठ्या सगळ्यांना ‘ब्रो’ म्हणतो. तो म्हणाला, “शिकवतो. पण रायफल तुझी स्वतःची हवी. उसन्या रायफलीवर हात बसत नाही, ब्रो.”

सध्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या अंड्यालासुद्धा हात लावत नाहीत. रायफलीच्या लायसन्ससाठी घरी चौकशीला माणूस आला, तेव्हा त्याच्यासमोर त्यांनी चकल्यांची बशी ठेवली आणि तो जाईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दार लागलं आणि सुरुवात झाली.

“मारणार काय म्हणालीस?”

“बकऱ्या.”

“कुणाच्या?”

“कुणाच्याच नाहीत, रानटी आहेत.”

“मग बांधून ठेवा की! एवढा पुढारलेला देश, दोरी मिळत नाही?”

नवरा स्वयंपाकघरात तोंड फिरवून हसत होता. त्याला म्हणाल्या, “तू हस. सोसायटीत मी काय सांगू, सून काय करते म्हणून?”

“शेतीखात्यात आहे म्हणून सांग.”

“आणि घ्यायचीच असेल तर आपली साधी, स्वस्तातली घ्या. खंडेनवमीला पुजायला तेवढी पुरे.”

स्वस्तातलीच घ्यायची असं माझंही ठरत आलं होतं. पोरिरुआच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत नेमबाजीच्या सरावाची एक रेंज आहे, तिथे टीम लीडरनं मला दोन रायफली दिल्या. एक एका सहकाऱ्याची, प्लास्टिकच्या दस्त्याची, कमी किमतीची. दुसरी त्याची स्वतःची, जवळजवळ दुप्पट किमतीची. गोळी दोन्हीत एकाच मापाची. मी पालथी पडून शंभर मीटरवरच्या कागदावर दोन्हींनी नेम धरला. कागद आणून पाहिले तर दोन्हींवरची भोकं सारखीच, रुपयाएवढ्या जागेत. मला आनंदच झाला. म्हटलं, “मग महाग घेणारे लोक वेडे आहेत का?” तो म्हणाला, “पहिल्या गोळीत काही फरक नाही. फरक दुसऱ्या गोळीत आहे.” आणि म्हणाला, आता घाई कर, एकामागून एक मार. स्वस्तातल्या रायफलीचा बोल्ट जोरानं ओढावा लागला. त्या झटक्यानं दस्ता खांद्यावरून सुटला, गाल उचलला गेला, रायफलीवरच्या दुर्बिणीतून लक्ष्य नाहीसं झालं आणि पुढे ढकलताना बोल्ट मधेच अडकला. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट नुसत्या बोटांनी मागे आला, पुढे गेला, आणि माझा डोळा जागचा हललासुद्धा नाही. “कागद तुझी वाट बघत थांबतो,” तो म्हणाला. “जखमी बकरी थांबत नाही.”

आणि मला आपली खानावळ आठवली. रविवारची सकाळ, मागचं अंगण, मी आठवीत. दादा तालमीत गेलेला, म्हणून कोंबडीचे पाय धरायला तू मला बोलावतेस. मी धरते, पण मान फिरवून भिंतीकडे बघत राहते. कोंबडी फडफडते, माझे हात सैल पडतात आणि सुरी अर्धीच लागते. तू ओरडत नाहीस. खाली वाकतेस, एका हातानं तिला धरतेस आणि मी श्वास घ्यायच्या आत दुसरा घाव घालतेस. मग हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणतेस, “बघायचं न्हाई तर धरायचं न्हाई.” एवढंच. त्या दुपारी गिऱ्हाइकांची ताटं वाढून झाली तरी तू जेवली नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, भूक न्हाई.

त्यानंतर लगेचच तू लोहाराकडून नवी सुरी करून घेतलीस. बाजारात तयार सुऱ्या टोपलीभर मिळत होत्या. बाबा वैतागले होते. “कोंबडीला काय कळतंय, सुरी कुठली हाय ते?” तू चुलीत लाकूड सारत म्हणालीस, “कळू नये म्हणूनच घ्यायलोय.” मी बारावीत असताना तू गेलीस. तोवर तुला दुसरा घाव घालताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तू आयुष्यात कुठल्या शाळेत गेली नव्हतीस, आणि अकरावी-बारावीत मी वसतिगृहातल्या मुलींना तू काय करतेस हे सांगायचं टाळत असे. आता इथल्या कुणालाही सांगते. माझी आई खानावळ चालवायची म्हणते, आणि कोंबड्या स्वतः कापायची हेही म्हणते.

तरी माझं ठरेना. ज्याची स्वस्तातली रायफल होती तो म्हणाला, “नेम नीट धरलास तर दुसरी गोळी लागेल कशाला? महाग रायफल घेणं म्हणजे आपण चुकणारच, असं आधीच धरून चालणं.” हे मला पटत होतं आणि पटतही नव्हतं. तुझ्याकडे सोमवारचा नेम असायचा. त्या दिवशी सुरीला हात नाही म्हणजे नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. आपल्या भाषेत त्यालाही नेम आणि यालाही नेमच. तुझा कधी मोडला नाही. माझा हात मात्र मला माहीत आहे. मी चुकेन. आणि चुकल्यावर त्या जनावरानं किती वेळ धडपडायचं, एवढंच माझ्या हाती आहे. असं सगळं मी नवऱ्याला जेवताना समजावून सांगितलं, तावातावानं, आणि तो म्हणाला, “घे गं बाई, भाषण नको.”

दुकानात सासूबाई बरोबर आल्या. मी एकटी नको, म्हणून. पातळावर स्वेटर, सॉक्सवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. दुकानदार म्हातारा होता, “किया ओरा” असा इथला नमस्कार करून त्यानं त्यांना खुर्ची दिली. मी तशाच दोन रायफली पुन्हा एकदा हातात घेतल्या आणि महाग होती ती द्या म्हटलं. “कमी करतो का विचार,” त्या मराठीत म्हणाल्या. मी विचारलं नाही. मग त्यांनी स्वतःच त्याच्याकडे बघून हात हलवून ‘लेस, लेस’ केलं, आणि त्यानं हसत एक तेलाची बाटली आणि पुसायची फडकी फुकट दिली. घरी येईपर्यंत त्या खूश होत्या.

सोमवारी आम्ही डोंगरात जाणार. कारणं मी सगळ्यांना दिली आहेत, आणि ती खरी आहेत. टीम लीडरनं मान हलवली, नवऱ्याला पटलं, ऑफिसमध्ये तर एकजण म्हणाली, तुझ्यासारखा विचार सगळ्यांनी करायला हवा. हे पत्र पोचायला तुझा पत्ता नाही, म्हणूनच पुढचं लिहायचं धाडस होतंय. आज दुपारी घरात कोणी नव्हतं. मी पडदे ओढले, रिकामी रायफल कपाटातून काढली आणि बोल्ट मागे घेतला, पुढे लोटला, खाली दाबला. किती वेळ करत होते कोण जाणे. त्याचा आवाज, तो बसतानाचा हलकासा खटका, नळीवर चढणारं ते निळसर तेज. बकऱ्यांचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. सुरीला धार लावून झाली की तू ती फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायचीस, ती हातात घेऊन तू कधी नुसती बसलेली मला आठवत नाही.

मला ती आवडलीय गं आई. फार आवडलीय.