मांजराला लावलेलं करंजेल

आई, तू जाऊन एवढी वर्षं झाली, तरी लोक अजून तुझ्याच नावाने जनावरं घेऊन आपल्या सोप्यावर येतात. कुणाचा खरजेचा कुत्रा, कुणाचा कान सुजलेला बोका. अहो, पेडण्याला जनावरांचा डॉक्टर आहे, तिकडे न्या, असं म्हटलं की म्हणतात, "तुझ्या आवशीच्या हाताक गुण होतो, तो आता तुका इलो." कसला डोंबलाचा गुण! पण तुझा नियम आडवा येतो: दारात आलेलं जनावर परत धाडायचं नाही, आणि नारळाखेरीज काही घ्यायचं नाही. नियम घालून तू सुटलीस, अडकलो मी.

अजून डोळ्यांपुढे येतं: मी लहान आहे, तू चुलीपुढे करंजाचं तेल, आपलं करंजेल, कोमट करते आहेस. कुत्र्याला लावून उरलेलं मी आपल्या बोक्याच्या मानेला पुसतो आणि पाठीत धपकन रट्टा बसतो. "मांजर आंग चाटता रे मेल्या! तेल पोटात जातला ताच्या!" मग बेसन लावून तूच त्याला धुतलंस. तो तुला ओरबाडत होता आणि तू मला शिव्या देत होतीस. म्हणजे मला माहीत होतं, आई. माहीत नव्हतं असं नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारची सून मांजर घेऊन आली. तिचा नवरा बोटीवर, सासू-सासरे आता नाहीत, घरात ती आणि ते मांजर, एवढीच. मांजराच्या मानेला खरूज. मला ऑफिसची घाई होती. कुत्र्यासाठी काढलेलं करंजेल समोर होतं, तेच चोळलं आणि निघालो. दुसऱ्या दिवशी मांजर लाळ गाळायला लागलं, तिसऱ्या दिवशी गेलं. तुझा रट्टा मला तेव्हा आठवला. ती रडत विचारत होती, "दादा, माझा काय चुकला?" आणि मी, तुझा लेक, म्हणालो, "उशिरा आणलंस गो."

आज ती परत आली आहे. ओढणीत नवं पिल्लू, कानामागे नखाएवढा चट्टा. पायरीवर नारळ ठेवून म्हणाली, "दादा, ह्या खेपेक बेगीन हाडलंय." लवकर आणलं म्हणून सांगणाऱ्या तिच्याकडे मला बघवेना. याला डॉक्टरकडेच नेऊ, स्कूटरची चावी शोधून आणतो, असं सांगून मी आत आलो आणि हे लिहीत बसलो. तेव्हा उशीर झाला नव्हता, एवढंच तिला सांगायचं आहे, आणि सांगतोय तुला. हा कागद चुलीत जाईल. ती बाहेर पिल्लाला समजावते आहे, दादा येतलो हां, आता येतलो. चावी माझ्या खिशातच आहे.