न्हाणीघराची कडी

आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

छावणीत आम्ही ठीक आहोत. माझ्या धाकट्या लेकीचा खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

निर्वासितांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी काल मला सल्लागार म्हणून बैठकीला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. अहवाल मात्र आधीच छापलेला. त्यात म्हणे, इथल्या बायकांना शिवणवर्ग हवेत.

"कोण म्हणालं असं? आम्हाला न्हाणीघराच्या दाराला कडी हवीय," मी म्हटलं.

"पुढच्या अहवालात नक्की घेऊ."

माझं डोकंच फिरलं. सल्लागारांत माझं नाव छापलं होतं, ते तिथेच खोडायला लावलं.

तू काळजी करू नकोस. जाऊबाई आणि मी आळीपाळीने एकमेकींसाठी दार बाहेरून ओढून धरतो.

तुझीच,
थोरली